अहो, तुम्हालाच!

स्वच्छता निरीक्षकांनी गाळण्यातला चहाचा चोथा निळ्या डब्यात आपटला. पुढे जे काही झालं त्याला सर्वस्वी तेच जबाबदार होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर त्यांनी त्याचं खापर फोनवर फोडलं, मुकादमावर फोडलं, एकदा तर डब्यांच्या रंगांवरही फोडून पाहिलं. हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा आणि निळा सुक्याचा, हे सगळ्या शहराला शिकवलं कोणी? ह्यांनीच. चौकाचौकात फलक लावले, शाळाशाळांत भाषणं ठोकली, घरोघर पत्रकं वाटली. आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र जो डबा हाताशी येईल त्यात चोथा. अशा माणसाचा राग येऊ नये तर काय यावं?

आला. त्यांच्या बायकोला आला. आणि नेमकी त्या वेळी ती ओट्याशी उभी राहून त्यांच्याच खात्याचं काम फुकटात करत होती.

काम असं होतं, की घंटागाडीवर लावायची नवी सूचना ती फोनवर रेकॉर्ड करत होती. जुनी सूचना वाजून वाजून इतकी झिजली होती, की गाडी आली की लोक पोरांना विचारत, आइस्क्रीम हवंय का. निरीक्षकांची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. आवाज गोड. पण मनात आणलं तर मैदानाच्या पलीकडच्या फाटकावर चढलेल्या पोराला वर्गातूनच खाली उतरवणारा.

सूचनेची घाई होती, कारण शहराबाहेरच्या डेपोत कचऱ्याचा डोंगर झाला होता. तो अधूनमधून आपणहून पेटायचा आणि आठवडाभर धुमसत राहायचा. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांचा संयम संपला होता, आणि तो आतापर्यंत टिकला होता हेच नवल. त्यांनी निरीक्षकांना तोंडावर सांगितलं, "पहिल्या तारखेपासून मिसळलेल्या कचऱ्याची एक जरी गाडी आली, तरी ती तुमच्या साहेबांच्या बंगल्यापुढे नेऊन ओतू." साहेबांना आपला बंगला एकदम आठवला. त्यांनी निरीक्षकांना बोलावून दम भरला, "लोकांना कचरा वेगळा करायला लावा, नाहीतर खुर्ची उचला आणि डेपोच्या फाटकावर जाऊन बसा." निरीक्षकांनी घरी येऊन बायकोला म्हटलं, "अगं, जरा गोड आवाजात चार ओळी म्हणून देतेस का?"

तिने म्हटल्या. चांगल्या झाल्या. तरी शिक्षिकेचं मन, "असू दे, आणखी एकदा म्हणते," म्हणून तिने पुन्हा फोन तोंडाशी धरला.

"नमस्कार, नागरिक बंधू-भगिनींनो. आपलं शहर, आपलं घर. ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका कचरा..."

इथे तो चोथा पडला.

"अहो! अहो, तुम्हालाच सांगतेय! काय टाकलंत ते? चोथा? सुक्यात? किती वेळा सांगायचं? हिरवा डबा दिसत नाही? डोळे आहेत की बटणं? चांगले कोरडे ठणठणीत कागद होते त्यात, आता काय करू त्यांचं, पिळून वाळत घालू? उचला! हाताने उचला! आणि जातं कुठे हे सगळं, माहितीय ना? माझ्या वर्गातली पोरं त्या डोंगराखालून येतात. खोकत येतात. दप्तर उघडलं की वास येतो, शेजारचं पोर नाक दाबतं आणि ते बिचारं मान खाली घालतं. तो वास त्या पोराचा नाहीये. तो वास तुमच्या चोथ्याचा आहे! जरा तरी वाटतं का काही? अहो, मी भिंतीशी बोलतेय का?"

निरीक्षकांनी खाली वाकून चोथा उचलला. बायकोने फोन ओट्यावर उपडा टाकला आणि ती वह्या तपासायला निघून गेली. त्या दिवशी ज्यांच्या वह्या तपासल्या गेल्या त्या मुलांची दया येते.

थोड्या वेळाने निरीक्षकांनी फोन हळूच उचलून रेकॉर्डिंग थांबवलं. शेवटचं जे होतं ते कानाला लावून पाहिलं. 'नमस्कार, नागरिक बंधू-भगिनींनो.' व्वा! काय गोडवा! समाधानाने त्यांनी ते तिथेच बंद केलं आणि मुकादमाला पाठवून दिलं. मुकादमानेही 'नमस्कार'पर्यंत ऐकलं आणि सगळ्या गाड्यांवर चढवलं. पुढचं ऐकायला दोघांनाही वेळ नव्हता. आपल्याकडे काम तपासतात ते असं, आणि मग कचऱ्याचे डोंगर होतात म्हणून रडतात.

सकाळी घंटागाडी गल्लीत शिरली. निरीक्षक आंघोळीला गेले होते. बायको गॅलरीत चादर वाळत घालत होती. शेजारचे वकील खिडकीत उभे राहून दाढी करत होते. 'नमस्कार, नागरिक बंधू-भगिनींनो' झालं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. आणि मग गल्ली हादरली.

"अहो! अहो, तुम्हालाच सांगतेय! काय टाकलंत ते?"

आता गंमत बघा. तिने नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर एकच माणूस मेला असता. पण ती म्हणाली 'अहो', आणि 'अहो' म्हटल्यावर गल्लीतले यच्चयावत नवरे त्यात सापडले. ज्याने त्याने आधी मागे वळून पाहिलं आणि मग स्वतःच्या डब्याकडे पाहिलं. 'हाताने उचला!' हे शब्द आले तेव्हा वकील एका गालावर फेस घेऊन अंगणात आले होते आणि निळ्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून संत्र्याची सालं काढत होते. समोरचा निवृत्त बँक मॅनेजर तर "टाकतो, टाकतो" म्हणत पायऱ्या उतरला. त्याची बायको माहेरी गेलेली होती.

निरीक्षकांच्या बायकोच्या हातातली चादर खाली रस्त्यावर पडली. तिने आत जाऊन बाथरूमच्या दारावर दणादणा थापा मारल्या.

"अहो, बाहेर या! मी रस्त्यावर ओरडतेय!"

"घरात ये मग," आतून आवाज आला.

दार उघडून निरीक्षकांनी ऐकलं तेव्हा गाडी वळणावर पोचली होती आणि तिथल्या लोकांना 'डोळे आहेत की बटणं' असं विचारत होती. त्यांचं धाबं दणाणलं. मुकादमाला फोन लावला. तो उचलेना, कारण तो स्वतः एका गाडीमागे उभा राहून तोंडाचा आ वासून ऐकत होता.

दुपारपर्यंत मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर गर्दी झाली. सगळे चिडलेले. वकील म्हणत होते, "अख्ख्या गल्लीसमोर मला डोळे आहेत की बटणं म्हणून विचारलं गेलं. मी खटला भरणार!" त्यांच्या मागे बायकांचा घोळका होता आणि त्यांची तक्रार वेगळीच होती. "आमच्या ह्यांना 'अहो' म्हणणारी ही बया कोण? आणि हे तिच्या एका हाकेसरशी उठतात? मी वीस वर्षं घसा फोडतेय, तेव्हा नाही उठले ते!"

संध्याकाळी साहेबांचा फोन निरीक्षकांच्या घरी आला. निरीक्षक दिवाणखान्यात उभे राहून, जणू साहेब समोरच आहेत असे, वाकून बोलत होते.

"कोण आहे हो ही बाई?" साहेब इतके ओरडत होते की फोनला स्पीकरची गरज नव्हती. "आणि तो सुक्यात चोथा टाकणारा गाढव कोण?"

निरीक्षकांना सत्य सांगायची ती उत्तम संधी होती. त्यांनी ती सोडली. नुसती सोडलीच नाही, तर लाथ मारून घालवली.

"छे, छे, साहेब! माझ्या ओळखीची नाही. बाहेरून मागवली होती. नाटकात कामं करते म्हणे. हो ना, साहेब, भांडकुदळच आहे. तिच्या नवऱ्याची दया येते. नाही, नाही, तो कोण ते मला कसं ठाऊक असणार?"

फोन ठेवून ते वळले. मागे बायको जेवणाचं ताट घेऊन उभी होती. तिने ते टेबलावर ठेवलं. अजिबात आवाज न करता ठेवलं. रागावलेली असताना तिने असं अलगद ताट ठेवल्याचं निरीक्षकांना आठवेना, आणि त्यांची पाचावर धारण बसली.

त्या दिवसापासून घरातलं 'अहो' गेलं.

बोलणं बंद झालं असं नाही. ती फ्रिजला सांगे, "जेवण वाढलंय." दाराला सांगे, "पाण्याचा नळ गळतोय." ओरडणं नाही, आदळआपट नाही, चोथा कुठे टाकला याची चौकशी नाही. निरीक्षकांनी एकदा मुद्दाम, तिच्या समोर, चोथा निळ्या डब्यावर धरून पाहिला. तिने नुसतं पाहिलं आणि नजर वळवली. त्यांनी गुपचूप तो हिरव्यात टाकला. जिच्या ओरडण्याला इतकी वर्षं वैतागलो तिचं न ओरडणं इतकं जड जाईल, हे त्या शहाण्या माणसाला तोपर्यंत कळलं नव्हतं. स्वतःच्या घरात आपण पाहुणे झालो असं त्यांना वाटायला लागलं, आणि ते त्यांना सोसेना.

ते रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी काढून टाका असा साहेबांचा हुकूम होता. पण मुकादम केबिनमध्ये आला तो हात जोडूनच.

"साहेब, काढू नका. पाया पडतो. नवरे स्वतः डबे घेऊन खाली येतायत. वेगळं केलेलं आणतायत! मी कुणाला दमही दिला नाही. कागद, पत्रा, बाटल्या सगळं कोरडं मिळतंय, ओलं सगळं खताच्या खड्ड्याकडे जातंय. डेपोत जायला गाडीच्या तळाशी इतकंसं उरतंय."

"आणि डेपोवरचे ते लोक?"

"फाटकावर काठ्या घेऊन बसले होते. गाडीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, ती दप्तराची ओळ पुन्हा लावा. दोनदा लावायला लावली, साहेब. एक म्हातारी तर रडायलाच लागली."

साहेबांनी हुकूम मागे घेतला. बायकांचा घोळकाही तक्रार मागे घ्यायला आला. "राहू दे तिला," त्या म्हणाल्या, "आमचा घसा वाचला." वकिलांचा खटला त्यांच्याच बायकोने काढून घ्यायला लावला, असं कळतं.

त्यामुळे रोज सकाळी घंटागाडी यायची आणि शहरातल्या झाडून साऱ्या नवऱ्यांना निरीक्षकांच्या बायकोच्या आवाजात 'अहो' ऐकू यायचं. निरीक्षक दोन्ही डबे घेऊन फाटकाशी उभे राहायचे आणि 'अहो, मी भिंतीशी बोलतेय का'पर्यंत सगळं ऐकायचे. ड्रायव्हर शेवटी म्हणायचा, "साहेब, डबे देता ना?"

मग मोठ्या साहेबांना हाव सुटली. ब्लेड, संपलेले सेल, फुटके बल्ब, जुनी औषधं हे वेगळं देण्याविषयी नवी सूचना हवी होती. "त्याच बाईला बोलवा," ते म्हणाले. "तसाच राग पाहिजे. आणली नाहीत, तर फाटकावरची खुर्ची तुमची वाट बघतेय."

निरीक्षकांनी घरी येऊन घसा खाकरला. बायको वह्या तपासत होती.

"साहेब म्हणतात, आणखी एक सूचना हवीय."

ती खिडकीला म्हणाली, "नाटकातल्या बाईला विचारा म्हणावं."

"अगं, माझी नोकरी..."

लाल पेन थांबलं. "त्या पोरांच्या पायात काल काच गेली," ती खिडकीलाच म्हणाली. "डोंगरावर भंगार वेचत होती. येईन मी. पोरांसाठी येईन. दुसऱ्या कुणासाठी नाही."

ठरल्या वेळी ती साहेबांच्या केबिनमध्ये आली. तिथे दोन नवेकोरे डबे दाखवायला ठेवले होते. एका कोपऱ्यात मुकादम रेकॉर्डिंगचं यंत्र धरून उभा होता. सगळ्यांच्या हातात चहाचे कागदी कप दिलेले. साहेबांनी विचारलं, "ह्याच का त्या?" आणि निरीक्षक म्हणाले, "हो, ह्याच त्या कलाकार." एवढी संधी मिळूनही! मुकादम, ज्याने त्यांच्या घरी कितीदा तरी चहा घेतला होता, छताकडे बघायला लागला.

तिने कागद हातात घेतला आणि वाचलं. "नमस्कार, नागरिक बंधू-भगिनींनो. घरातील धारदार व घातक वस्तू कृपया वेगळ्या कागदात गुंडाळून द्याव्यात." गोड. स्वच्छ. गार.

"असं नको, बाई," साहेब म्हणाले. "त्या दिवशीसारखं. चिडून!"

"कोणावर?"

"कोणावरही. वाटल्यास माझ्यावर चिडा."

"परक्या माणसावर तसं नाही चिडता येत, साहेब," ती म्हणाली. "त्याला आपलं माणूस लागतं. आणि इथे तर माझ्या ओळखीचं कोणीच नाही."

साहेबांना काही कळलं नाही, पण निरीक्षकांना सगळं कळलं. ते उभ्या जागी लाल झाले. तिच्याकडे पाहिलं, ती भिंतीकडे पाहत होती. हातातल्या कपाकडे पाहिलं, अर्धा चहा शिल्लक होता. मग ते पावलं टाकत डब्यांपाशी गेले. हिरवा ओलांडला. निळ्यासमोर उभे राहिले. त्यात केबिनमधले चांगले कोरडे ठणठणीत कागद होते. आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तो कप निळ्या डब्यात उपडा केला.

"अहो!"

मोठे साहेब खुर्चीतून उभे राहिले. दाराशी बसलेला शिपाई उभा राहिला. मुकादमाने यंत्र धरलेला हात आणखी पुढे केला.

"अहो, पुन्हा? सगळ्यांच्या देखत? लाज आहे की नाही? जगाला शिकवता आणि स्वतः? आणि परकी काय? भांडकुदळ काय? मी मागे ताट घेऊन उभी होते! माझ्या नवऱ्याची दया येते म्हणालात! दया माझी येऊ दे कोणाला तरी! इतकी वर्षं मी कुणावर ओरडले? शेजाऱ्यावर? तुमच्यावर ओरडले, कारण तुम्ही माझे आहात! आणि तुम्ही साहेबांना सांगता, ओळखीची नाही?"

"चुकलं," निरीक्षक म्हणाले.

"काय?"

"चुकलं माझं!" या वेळी ते पार यंत्रापर्यंत ऐकू गेलं. ते साहेबांकडे वळले. "साहेब, ही माझी बायको. तो चोथा मी टाकला होता. तो गाढव मीच."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पायाने आपल्या टेबलाखालची निळी टोपली हळूच मागे सरकवली. तिच्यात केळ्याची साल होती.

"मुकादम, चालू होतं का ते?"

"होतं, साहेब."

"छान. घरातलं भांडण कापा. पहिलं 'अहो' ठेवा. मग ब्लेड आणि सेल. आणि शेवटी ते 'चुकलं माझं'. ते कापलंत तर याद राखा."

निरीक्षकांना फाटकावरची खुर्ची मिळालीच. खोटं बोलल्याबद्दल मिळाली, आणि ते योग्यच झालं. आता ते डेपोवर प्रत्येक गाडीत वाकून बघतात. डोंगराखालची पोरं शाळेत जाता-येता त्यांना 'अहोकाका' अशी हाक मारतात. नवी सूचना शहरात भलतीच चालली. ब्लेड आणि सेल वेगळे येतात तो भाग वेगळा, पण बायका 'चुकलं माझं' ऐकायला मुद्दाम गॅलरीत येऊन थांबतात, आणि तेवढ्यापुरता आवाज वाढवा म्हणून ड्रायव्हरला सांगतात.

परवा सुट्टी होती. निरीक्षक आरामखुर्चीत पेपर वाचत होते, तोच गल्लीभर आवाज घुमला.

"अहो!"

ते ताडकन उठले, दोन्ही डबे उचलले आणि चपला न घालता फाटकाशी धावले. गल्ली रिकामी होती. सुट्टीच्या दिवशी गाडी येत नाही, हे त्यांच्याच लक्षात राहिलं नव्हतं. शेजारच्या फाटकाशी मात्र वकील उभे होते, धापा टाकत, एका गालावर फेस आणि दोन्ही हातांत डबे.

मागून गॅलरीतून पुन्हा आवाज आला. "अहो, गाडी नाहीये, मी बोलावतेय! नळ गळतोय तो कोण बघणार? आणि त्या गाळण्यात चोथा तसाच ठेवलात!"

वकील घाईघाईने आत वळायला लागले. "आलो, आलो," असं पुटपुटलेही.

निरीक्षकांनी त्यांना हाताने थांबवलं. इतका अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर पालिकेत लागले त्या दिवशीही नव्हता.

"तुम्ही निवांत दाढी करा, वकीलसाहेब," ते म्हणाले. "ही हाक माझी आहे."